लाल झाकण

डब्यात अकरा पेढे होते. काल अकरा होते, परवाही अकराच. हेमंत शिंगट्यांना संशय आला तो याचाच.

पेढे मुद्दाम ठेवलेले होते. समोरच्या रोहिणीवहिनींच्या नातवाचं बारसं झालं, तेव्हा आलेले हे कंदी पेढे हेमंतरावांनी स्वतः मोजून स्टीलच्या डब्यात भरले आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी ठेवले. झाकण लावल्यावर खिळ्याच्या टोकानं एक बारीक ओरखडा काढला, अर्धा झाकणावर, अर्धा डब्यावर. झाकण कुणी उघडून परत लावलं तर ओरखड्याची दोन टोकं जुळणार नाहीत.

टोकं जुळत होती. पेढे अकरा होते. पण एरवी बाल्कनीत असणारं स्टूल फळीखाली होतं.

पेढे कमी झाले नाहीत म्हणजे कुणी खाल्ले नाहीत, असं साधं उत्तर तुम्ही-आम्ही काढू. पण एकदा संशय धरला की गणित उलटं चालतं. उत्तर आधी ठरतं आणि मग त्याला जुळणारी आकडेमोड शोधली जाते. हेमंतरावांनी शोधली. "म्हणजे चारू खाते आणि तितकेच नवे आणून ठेवते. झाकणसुद्धा बरोबर जागेवर फिरवते. पहिल्यापासून बारकी नजर आहे तिची."

त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं, 'दु. ३.१०. स्टूल फळीखाली.'

ही वही त्यांची सवय होती. तीस वर्षं ते सरकारी भूकरमापक होते, म्हणजे शेताच्या हद्दी मोजून देणारे. बांधावरून भाऊ भावाच्या अंगावर धावून जायचा आणि हेमंतराव मध्ये उभे राहून शांतपणे वहीत आकडा टिपायचे. माणसं खोटं बोलतात, मोजमाप बोलत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

आणि गेल्या चौदा महिन्यांचं मोजमाप सांगत होतं की त्यांची बायको चोरून खाते आहे.

*

हे साल दोन हजार चव्वेचाळीस. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर एक वसाहत आहे. शहाण्णव घरं, बहुतेक सगळी साठी ओलांडलेल्यांची. मुलं दूरच्या गावी, गुडघे कुरकुरणारे, म्हणून साऱ्या वसाहतीचं मिळून एकच स्वयंपाकघर. त्याला अन्नघर म्हणतात. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या दाराबाहेरच्या आकड्यावर त्याच्या नावाचा डबा येऊन लटकतो. घरात फक्त चहा होतो.

कुणाच्या डब्यात काय घालायचं, हे पाट ठरवतो. पाट म्हणजे न्हाणीघराबाहेर जमिनीत बसवलेली, जेवणाच्या पाटाएवढी फरशी. सकाळी आंघोळ करून बाहेर आलं की त्यावर क्षणभर उभं राहायचं. फरशी वजन घेते. छतातला भिंगाचा डोळा डोक्यापासून टाचेपर्यंत उंची घेतो आणि चेहऱ्यावरून कोण उभं आहे ते ओळखतो. भिंतीवर एकच मोठा आकडा उमटतो. आधी वजन, उंची, वय असं सगळं दिसायचं, पण म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो म्हणून कंपनीनं एकच आकडा ठेवला. शरीरातल्या चरबीचा.

हा आकडा येतो कुठून, ते जरा सावकाश समजून घेऊ. भुईमुगाच्या शेंगांचं एक पोतं समोर ठेवलंय असं धरा. तोंड शिवलेलं आहे. आत दाणे किती आणि टरफलं किती, हे पोतं न उसवता सांगायचं आहे. तुम्ही पोतं तोलाल, त्याची उंची बघाल, आणि आजवर उसवलेली पोती आठवून म्हणाल, "एवढ्या उंचीचं पोतं इतकं जड, म्हणजे दाणा बराच भरलेला आहे." पुष्कळदा तुमचं बरोबर येईल. पण तो अंदाज. उसवून मोजणं वेगळं.

माणूस तर उसवता येत नाही. म्हणून फार पूर्वीपासून एक सोपी रीत आहे. वजन किलोत घ्यायचं. उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनंच गुणायचं. वजनाला त्या गुणाकारानं भागायचं. येतो तो बीएमआय. त्यालाच थोडं पुढं नेलं की चरबीचा अंदाज मिळतो. बीएमआयची एक पूर्णांक दोन दशांश पट करायची, त्यात वयाच्या दर वर्षामागे पाव भागाहून किंचित कमी मिळवायचं, आणि शेवटी एक ठरावीक संख्या वजा करायची, पुरुषासाठी मोठी, बाईसाठी लहान.

चारुशीलाबाईंचंच, म्हणजे हेमंतरावांच्या चारूचंच, उदाहरण घ्या. पाट बसवला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. वजन चोपन्न किलो, उंची दीड मीटर. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. चोपन्नाला सव्वादोननं भागलं की चोवीस. पुढची बेरीज-वजाबाकी करून भिंतीवर उमटलं, अडतीस पूर्णांक सहा. त्यांच्या शरीराच्या दर शंभर भागांत साधारण एकोणचाळीस भाग चरबी. या वयाच्या बाईला पाटाच्या हिशेबानं एकोणचाळीसपर्यंत चालतं. डब्याला हिरवं झाकण.

त्याच दिवशी हेमंतरावांनी पाटाची परीक्षा घेतली होती. "यंत्र आलं की आधी ते तपासायचं," असं बजावत त्यांनी वीस लिटर पाण्याचा कॅन पाटावर ठेवला आणि हुकूम सोडला, "वजन सांग."

"एकवीस किलो," पाट म्हणाला.

कॅनचं प्लॅस्टिक एक किलोचं होतं. मग त्यांनी दोन कॅन ठेवले, मग तीन. एका ग्रॅमचा फरक आला नाही.

"आणि उंचीचं?" चारुशीलाबाईंनी विचारलं होतं.

"उंचीचं काय तपासायचं? आपण काय आता वाढणार आहोत का?" हेमंतराव हसले होते आणि वहीत लिहून मोकळे झाले होते, 'पाट बरोबर.'

*

तिसऱ्या महिन्यात चारुशीलाबाईंचं झाकण पिवळं झालं. डब्यातून तूप, गूळ, शेंगदाण्याची चटणी गेली. दूध अर्धं झालं. आकडा तरीही चढत राहिला, महिन्याला एक दशांश, कधी दोन. तेराव्या महिन्यात त्यानं चाळीस ओलांडले आणि दाराबाहेर लाल झाकणाचा डबा लटकला. दूध-दही बंद, डाळीचं पाणी, अर्धी भाकरी.

डबे दाराबाहेर लटकत असल्यानं झाकणं सगळ्यांना दिसत.

"अगंबाई, लाल?" रोहिणीवहिनी जिन्यात थबकल्या. "चारू, काय गं चाललंय तुझं? भावजींचं तर हिरवं आहे!"

"त्यांचं डोकंच हिरवं आहे," चारुशीलाबाई डबा काढत म्हणाल्या. "माझं आपलं पिकलंय, म्हणून लाल."

वहिनी हसल्या, पण त्यांची नजर चारुशीलाबाईंच्या कमरेवरून फिरून आली. जिन्यात दुसरं कुणी भेटलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी हेमंतराव आपला वरणभात जेवत होते आणि समोर चारुशीलाबाई अर्ध्या भाकरीचे बारीक तुकडे करून डाळीच्या पाण्यात भिजवत होत्या.

"चारू, एक विचारू?"

"विचारू म्हणता तेव्हा विचारून झालेलं असतं. बोला."

"डब्यातलं एवढंच खातेस. मग आकडा चढतो कसा?"

"त्या पाटाला विचारा. मला काय विचारता?"

"पाट मी तपासलाय."

"मग मला तपासा," त्या म्हणाल्या आणि उठल्या. उठताना त्यांनी टेबलाची कड धरली, ओठ घट्ट मिटले. हेमंतरावांना वाटलं, राग आला.

त्यांनी खरोखरच तपासायला सुरुवात केली. बायको देवळात किती वेळ गेली होती, येताना पिशवी जड होती का, हे ते टिपू लागले. एकदा दुपारी ते खोलीत शिरले, तर चारुशीलाबाईंनी हातातलं काहीतरी झटकन उशीखाली सरकवलं. त्या भाजी आणायला गेल्यावर हेमंतरावांनी उशी उचलली. कात्री होती, सुईदोरा होता, आणि निळ्या, मरून, पोपटी कापडाच्या चार लांब पट्ट्या. तिच्या सलवारींच्या कापडाच्या.

'कपडे उसवून सैल करते आहे,' त्यांनी लिहिलं. 'म्हणजे तिला माहीत आहे.'

*

लाल झाकण सलग महिनाभर राहिलं की अन्नघराकडून माणूस घरी येतो. शिंगट्यांकडे पल्लवी कदम आल्या. पन्नाशीच्या, मऊ बोलणाऱ्या, गळ्यात 'आहारमित्र' असं लिहिलेली पट्टी.

"काकू, घाबरायचं काही नाही. मेढ्याजवळ आपलं शिबिर आहे. तीन आठवडे. हवा छान, सोबतीला बायका. सकाळी दोरीवरच्या उड्या, वाळूच्या पिशव्या उचलून चढावर चालणं, पुढं वाकून पायाचे अंगठे धरणं. तीन आठवड्यांत आकडा खाली येतोच."

"मला वाकवत नाही," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"सगळ्या आधी असंच म्हणतात, काकू." पल्लवीताईंनी हातातली पाटी हेमंतरावांपुढं धरली. "काका, घरातल्या माणसाचं एक निवेदन लागतं. एकच प्रश्न आहे."

पाटीवर लिहिलं होतं, 'सदस्य अन्नघराबाहेरचे अन्न लपवून खातात का? होय / नाही.'

"नाही म्हटलं तर?" हेमंतरावांनी विचारलं.

"तर डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. खात नसून आकडा चढतो म्हणजे आत काही बिघाड आहे का, ते बघायला. त्यांची तारीख मिळेपर्यंत दोनेक महिने जातात. होय म्हटलं तर कारण कळलेलंच असतं. सोमवारी गाडी येईल."

हेमंतरावांनी बायकोकडे पाहिलं. ती काही म्हणाली असती, रडली असती, भांडली असती, तर कदाचित ते थांबले असते. पण चारुशीलाबाई खिडकीबाहेर बघत नुसत्या उभ्या होत्या, आणि तीस वर्षं बांधावर उभं राहून हेमंतराव एक गोष्ट शिकले होते, जो गप्प उभा राहतो त्यानंच हद्दीचा दगड सरकवलेला असतो.

"मी काही तुझ्या वाईटासाठी..." त्यांनी सुरुवात केली.

"लिहा ना," चारुशीलाबाई म्हणाल्या. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्यांनी 'होय'वर खूण केली आणि खाली सही केली.

*

रविवारी दुपारी चारुशीलाबाई बॅग भरत होत्या. नाशिकहून नात ओवीचा फोन आला होता. आजी शिबिराला जाणार म्हणून ती खूश होती, तिच्या शाळेचंही शिबिर होतं. "मज्जा कर, आजी!" असं ओरडून तिनं फोन ठेवला. घरात पुन्हा शांतता पसरली.

हेमंतरावांना ती शांतता सहन होईना. सही केल्यापासून तीन दिवस बायको त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. कबूल तरी करून जा, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे निदान आपलं चुकलं नाही, एवढं तरी ठरेल.

"चारू, पेढ्यांचा डबा काढ बरं."

"कशाला?"

"काढ तर."

चारुशीलाबाई स्वयंपाकघरात आल्या. वळल्या आणि बाल्कनीकडे निघाल्या.

"तिकडं कुठं?"

"स्टूल आणते."

"स्टूल कशाला लागतं तुला?" हेमंतरावांचा आवाज चढला. हाच तो क्षण, ज्याची ते दोन आठवडे वाट बघत होते. "ही फळी मी तुझ्या हाताच्या मापानं बसवलीय. टाचा जमिनीला ठेवून हात वर केलास की डबा मुठीत यायचा. स्टूल लागतं ते फळीच्या मागं काही दडवलं असेल तर!"

चारुशीलाबाई परत फिरल्या. मग चपला काढल्या, भिंतीशी उभ्या राहिल्या आणि हात वर केला.

बोटं फळीच्या कडेला जेमतेम टेकली. डबा आत, चार बोटं वर होता.

"सरळ कर हात."

"सरळच आहे."

त्यांनी पुढं होऊन कोपर चाचपून पाहिलं. ती नाटक करते आहे असं त्यांना अजूनही वाटत होतं. कोपर ताठ होतं.

"टाचा उचल."

"उचलवत नाहीत. पाठीत कळ येते."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू?" चारुशीलाबाईंनी हात खाली घेतला. "पाठ दुखते म्हटलं की पाट म्हणतो, वजन कमी केल्यास आराम पडेल. रोहिणी म्हणते, वजन उतरव. तुम्हीही तेच म्हणाला असता. रोज चहासाठी स्टूल चढते मी. चार वाजता तुम्हाला चहा लागतो ना? तो डबा तिथंच आहे, पेढ्यांच्या शेजारी."

कपाटातून हेमंतरावांनी जुनी पोलादी टेप काढली आणि जमिनीपासून फळीपर्यंत धरली. एकशे ऐंशी सेंटीमीटर. मग वह्यांच्या पेटीतून आठ वर्षांपूर्वीची, या घरात राहायला आले तेव्हाची वही काढली. पान सापडलं. 'स्वयंपाकघर, वरची फळी, १८०. चारूचा हात.'

फळी हलली नव्हती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना एका म्हाताऱ्या मोजणीदारानं शिकवलेलं एक सूत्र होतं. तेव्हा शेतं लोखंडी साखळीनं मोजत. रोज ओढून ओढून साखळीच्या कड्या ताणतात आणि साखळी स्वतःच लांब होते. मग शेत आहे तेवढंच राहतं आणि आकडा चुकतो. म्हणून रोज सकाळी आधी साखळी मोजायची, मग शेत. "पोरा, ज्यानं मोजतोस ते स्थिर आहे असं कधी धरून चालू नकोस," तो म्हातारा म्हणायचा.

हेमंतराव न्हाणीघरापाशी गेले. "चारू, जरा इथं उभी राहा."

भिंतीवर उमटलं, चाळीस पूर्णांक तीन.

"वजन सांग," ते पाटाला म्हणाले. आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"त्रेपन्न किलो."

पहिल्या दिवशी चोपन्न होतं. वजन कमी झालं होतं. वजन कमी आणि चरबी जास्त? हेमंतरावांनी चौदा महिन्यांत एकदाही न विचारलेला प्रश्न विचारला.

"उंची सांग."

"एकशे पंचेचाळीस सेंटीमीटर," पाट म्हणाला. तितक्याच गोड आवाजात, तितक्याच तत्परतेनं. विचारलं असतं तर त्यानं ते कुठल्याही दिवशी सांगितलं असतं.

ते तिथंच जमिनीवर बसले, वही मांडीवर घेतली. एकशे पंचेचाळीसनं गणित केलं, चाळीस पूर्णांक तीन आले. मग उंची जुनीच, दीड मीटर धरून पुन्हा केलं. अडतीस पूर्णांक तीन. हिरवं झाकण. पहिल्या दिवसापेक्षाही कमी.

इथं पाटाची गोम होती. उंचीनं एकदा नाही, दोनदा भागलं जातं. म्हणून उंची शंभरात तीन भागांनी घटली की बीएमआय शंभरात सहा भागांनी फुगतो. पोत्यात एक दाणा वाढलेला नसतो, पोतंच खाली बसलेलं असतं. उंची एका दिवसात पाच सेंटीमीटर घटली असती तर पाटानं आरडाओरडा केला असता. पण रोज केसाएवढी घटणारी उंची त्याला रोज बरोबरच वाटत होती.

"चारू," हेमंतराव खालूनच म्हणाले, "त्या पट्ट्या. उशीखालच्या."

"सलवारी टाचेखाली यायला लागल्या. अडखळून पडले असते." त्या थांबल्या. "उशीखालच्या? म्हणजे तुम्ही..."

त्यांनी मान खाली घातली.

*

सोमवारी शिबिराची गाडी आली आणि रिकामी परत गेली. हेमंतराव बायकोला घेऊन सरळ हाडांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पाठीचा फोटो उजेडावर धरला. मणक्यांची रांग वरून खाली एकसारखी येत होती आणि मध्येच तीन मणके पुढच्या बाजूनं चेपलेले होते, पायाखाली आलेल्या खोक्यांसारखे.

"हाड म्हणजे कायम दुरुस्ती चालू असलेली भिंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज थोड्या विटा निघतात, थोड्या नव्या बसतात. या वयात बायकांच्या विटा निघतात जास्त. त्यात दूध, दही, शेंगदाणे, डाळ बंद केलीत तर नव्या यायच्या कुठून? काय खाता तुम्ही?"

चारुशीलाबाईंनी डब्यातलं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे उंची घटली म्हणून आकडा वाढला. आकडा वाढला म्हणून खाणं तोडलं. खाणं तोडलं म्हणून हाडं आणखी विरघळली आणि उंची आणखी घटली." त्यांनी हेमंतरावांकडे पाहिलं. "बरं झालं आणलंत. वाळूची पिशवी घेऊन एकदा पुढं वाकल्या असत्या ना, तर चौथा मणका तिथंच बसला असता. मग अंथरुणातून उठणं कठीण होतं."

हेमंतरावांना 'होय' शब्दावरची आपली खूण आठवली. 'नाही' म्हटलं असतं तर अन्नघरानं स्वतःच तिला इथं पाठवलं असतं. उशिरा का होईना.

परत आल्यावर त्यांनी टेप घेतली आणि वसाहतीतल्या पिवळ्या-लाल झाकणांची दारं वाजवली. पहिलं दार रोहिणीवहिनींचं. त्यांचंही गेल्या आठवड्यात पिवळं झालं होतं, आणि त्यांनी डबा आकड्यावरून उतरवायची वेळ पहाटेवर नेली होती. अकरा बायका आणि दोन पुरुष मोजून झाले. आठ जणांची उंची जुन्या कागदांपेक्षा कमी भरली. रोहिणीवहिनींची तीन सेंटीमीटर.

"भावजी, मी चारूला काय काय बोलले जिन्यात," त्या म्हणाल्या.

"तुम्ही जिन्यात बोललात, वहिनी. मी सही केली."

अन्नघरात पल्लवी कदमांनी सगळं ऐकून घेतलं. कंपनीला कळवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की यंत्रात कोणताही दोष आढळला नाही, सर्व मोजमापं अचूक होती. आणि ते खरंच होतं. पाटानं एकही आकडा खोटा दिला नव्हता. पल्लवीताईंनी ते पत्र दोनदा वाचलं, मग आठ जणांचे डबे स्वतःच्या हातानं दूध-दह्याच्या यादीत घातले. "पाट काय म्हणायचं ते म्हणू दे," त्या म्हणाल्या. "आणि काका, तुमचं ते निवेदन मी पुसून टाकू का? तसं करता येतं."

हेमंतराव 'हो' म्हणणार होते.

"नको," मागून चारुशीलाबाई म्हणाल्या. "राहू दे ते."

*

कमरेला पट्टा, रोज गोळी, आठवड्याला एक इंजेक्शन. डब्यावर दूध-दह्याच्या यादीचं पांढरं झाकण. उंची परत येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मग महिन्याभरानं एका सकाळी हेमंतरावांनी स्क्रू काढून फळी उतरवली. चारुशीलाबाईंना भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि पेन्सिलीनं खूण केली. फळी दहा सेंटीमीटर खाली बसली.

"बघ येतंय का."

त्यांनी हात वर केला. चहाचा डबा मुठीत आला. मग शेजारचा पेढ्यांचा. तो त्यांनी उजेडात धरला.

"हा ओरखडा कसला?"

हेमंतराव स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले. मग त्यांनी सांगितलं. सापळा, मोजणी, स्टूल, सगळं.

"आणि ओरखडा जुळत होता?"

"रोज."

"पेढे?"

"अकराच होते."

"तरीही?"

"तरीही."

चारुशीलाबाईंनी झाकण उघडलं. पेढ्यांवर पांढरी बुरशी आली होती. त्यांनी डबा नवऱ्यापुढं धरला. "मोजा."

"चारू..."

"मोजा म्हणते ना."

हेमंतरावांनी मोजले. बोटानं एकेक बाजूला सारत, शाळकरी पोरासारखे. "अकरा."

"आता ती वही आणा."

त्यांनी वही आणली. चारुशीलाबाईंनी चष्मा लावून पानं उलटली. 'दु. ३.१०. स्टूल फळीखाली.' 'देवळात चाळीस मिनिटं.' 'कपडे उसवून सैल करते आहे. म्हणजे तिला माहीत आहे.' अक्षर खरंच सुंदर होतं.

हेमंतरावांनी पान फाडायला हात पुढं केला. चारुशीलाबाईंनी वही मागं घेतली.

"तुमच्या मोजणीत चुकीची नोंद झाली तर काय करायचा नियम आहे? तुम्हीच ओवीला सांगत होतात."

हेमंतरावांनी हात मागं घेतला. "फाडायची नाही. खोडायचीही नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद करायची आणि सही करायची."

"मग करा." त्यांनी वही टेबलावर ठेवली, पेन शेजारी ठेवलं आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या. "सगळ्या नोंदी. सावकाश करा, घाई नाही. अन्नघरातली ती एक उद्या जाऊन करू."

हेमंतराव स्टुलावर बसले आणि पहिल्या ओळीवर रेघ मारली.